कुऱ्हाडीचा दांडा आणि त्याचं गोत

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात गुनुंग पालुंग नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. ओरांगउटान वानरांचं हे घर. उद्यानाला लागून असलेल्या गावांतली माणसं चेनसॉ घेऊन आत शिरायची, एखादं जुनं झाड पाडायची आणि फळ्या करून विकायची. ही चोरी आहे हे तोडणाऱ्यालाही ठाऊक होतं. किनारी वेब नावाची अमेरिकन विद्यार्थिनी १९९० च्या दशकात इथे ओरांगउटानांचा अभ्यास करायला आली होती. पुढे ती डॉक्टर झाली आणि परत आली. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी गावोगाव बैठका घेऊन लोकांना विचारलं, की तोड थांबवायची तर तुम्हाला काय मिळायला हवं? बहुतेक ठिकाणी दोनच मागण्या पुढे आल्या. परवडणारा दवाखाना हवा, आणि रासायनिक खत विकत न घेता शेती कशी करायची ते कुणीतरी शिकवायला हवं.

दवाखान्याचा आणि झाडाचा काय संबंध? संबंध सरळ आहे. घरात कुणी आजारी पडलं की रोख पैसा लागतो, आणि तो आजच लागतो. ज्याच्याकडे बँकेत शिल्लक नाही, मोडायला दागिना नाही, उधार देणारं कुणी नाही, त्याच्यासाठी जंगलातलं झाड हीच मुदत ठेव असते. गरज पडली की मोडायची.

२००७ साली तिथे दवाखाना सुरू झाला. नाव ‘आलम सेहत लेस्तारी’. बिल पैशांत भरता येईना तर रोपं द्या, शेणखत द्या, विणलेली चटई द्या, असा व्यवहार. आणि त्यात एक खुबी होती. गावाने तोड थांबवली की त्या गावातल्या प्रत्येक रुग्णाला जास्त सवलत. म्हणजे शेजाऱ्याने झाड पाडलं तर माझ्या आईच्या औषधाचं बिल वाढणार. मग शेजाऱ्यावर लक्ष ठेवायला वनरक्षक कशाला लागतो? दहा वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इंडोनेशियातल्या तशाच इतर उद्यानांच्या तुलनेत इथलं जंगल सुमारे ७० टक्क्यांनी कमी तुटलं होतं.

ही हकिगत आधी सांगितली, कारण लोकांच्या साथीने जंगल राखण्याबद्दल बोलताना बहुतेक जण थेट उपायापासून सुरुवात करतात. रोपं वाटा, शेळ्या वाटा, धूर न करणाऱ्या चुली वाटा, जागृतीचे कार्यक्रम घ्या. झाड नेमकं कशापायी पडतंय, हे विचारायचं राहूनच जातं. कारण गावागणिक वेगळं असतं, आणि या विषयातलं बरंचसं यशापयश या एका प्रश्नावर ठरतं, असं माझं मत आहे.

आधी आरोपी कोण ते पाहू

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ ते २०२० या काळात जगात दरवर्षी सुमारे १ कोटी हेक्टर जंगल तोडलं गेलं. याच संघटनेच्या पाहणीप्रमाणे जगातल्या जंगलतोडीपैकी जवळजवळ ९० टक्के तोड शेती आणि चराईसाठी जमीन मोकळी करण्यातून होते. त्यात गुरांची कुरणं मोठी, शिवाय सोयाबीन आणि पामतेलाच्या लागवडी. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन जाणारी बाई या आकड्यात फारशी दिसत नाही.

इथे दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं जातं. जंगलतोड म्हणजे जंगल जाऊन त्या जागी दुसरं काहीतरी येणं, शेत, कुरण, खाण किंवा वसाहत. जंगलाचा ऱ्हास म्हणजे जंगल जागेवर असणं, पण विरळ आणि अशक्त होत जाणं. सरपण, चराई, चोरटी लाकूडतोड यांनी बहुतेक ऱ्हास होतो. ऱ्हास झालेलं जंगल थोडी उसंत मिळाली की बुंध्यांतून पुन्हा फुटतं. नांगर फिरलेली किंवा गवत पेरलेली जमीन मात्र सहसा परत जंगल होत नाही. म्हणूनच एखाद्या गावाने वर्षाकाठी मोजकी झाडं कापून विकली तर ते जंगल बुडवतंय असं समजायचं कारण नाही. उलट त्या विक्रीमुळेच जंगल टिकलेलं असू शकतं. याचं उदाहरण पुढे येईलच.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असं आपण म्हणतो. जंगलालगतच्या माणसांकडे सरकारी खाती आणि शहरी निसर्गप्रेमी अनेक वर्षं याच नजरेने बघत आले, की जंगलात वाढलेला माणूसच जंगलाचा काळ झाला. दांडा लाकडाचाच असतो, हे खरं. पण तो धरलाय कुणी, हेही बघायला नको का?

सगळ्यांचं ते कुणाचंच नाही?

या नजरेला सिद्धांताचं बळ मिळालं १९६८ मध्ये. गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. त्याचा मुद्दा असा. सगळ्या गावाचं मिळून एक कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो, मी अजून एक जनावर सोडलं तर फायदा माझा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलं जाणार. प्रत्येक जण तेच करतो आणि कुरण उजाड होतं. निष्कर्ष काय, तर सामाईक मालमत्ता एकतर खाजगी करा नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या.

ऐकायला बिनतोड वाटतं. पण या गोष्टीतले गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत! कुठल्या गावात असं असतं? एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्राच्या अभ्यासिकेने नेमकं हेच तपासलं. तिने जगभरच्या अशा जागा गोळा केल्या जिथे लोक शेकडो वर्षं सामाईक कुरणं, पाणी, जंगलं वापरत आले आणि ती बुडाली नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावात १५१७ सालापासून नियम आहे, की हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. किती सोपं माप! गाय गोठ्यात दिसते, वैरण दिसते, कुणाला खोटं बोलायला जागा नाही. जपानमधल्या काही गावांत सामाईक डोंगरावर नियम मोडणारा पकडला गेला की राखणदार त्याच्याकडून रोख दंड आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, वसूल करायचे, आणि ती आपसात प्यायचे. राखणदारीला एवढं प्रोत्साहन पुरेसं असावं.

ऑस्ट्रॉमला २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली बाई. तिच्या अभ्यासातून दिसलेल्या गोष्टी गावातल्या कुणालाही पटाव्यात अशा आहेत. जंगलाची हद्द आणि हक्कदार कोण हे पक्कं हवं. नियम ज्यांना पाळायचे त्यांनीच ते करावेत. राखण रोजच्या रोज हवी, आणि ती करणारा गावाला उत्तर देणारा हवा. पहिल्या चुकीला छोटा दंड, पुन्हा केली तर मोठा. भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त हवी. आणि सरकारने या सगळ्यात येऊन ‘तुमचे नियम आम्ही मानत नाही’ असं म्हणू नये. यातली शेवटची अट सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. हार्डिननेही नंतर मान्य केलं, की आपण बोलत होतो ते व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेबद्दल.

नेपाळने आधी चूक केली, मग दुरुस्त केली

१९५७ मध्ये नेपाळ सरकारने देशातली खाजगी जंगलं सरकारजमा केली. हेतू वाईट नव्हता. पण डोंगरातल्या गावांना त्याचा अर्थ असा लागला, की काल आमचं होतं ते आज आमचं राहिलं नाही. मग राखायचं कुणासाठी? वनखात्याकडे प्रत्येक डोंगरावर उभं करायला माणसं नव्हती आणि गावाने हात काढून घेतला होता. जुनी व्यवस्था मोडली, नवी उभी राहिली नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत डोंगर उघडे पडू लागले.

१९७० च्या दशकाअखेरपासून धोरण हळूहळू उलट फिरलं आणि १९९३ च्या वन कायद्याने त्याला पक्कं रूप दिलं. जमीन सरकारचीच राहिली. मात्र ते जंगल वापरणाऱ्या घरांचा ‘सामुदायिक वन उपभोक्ता समूह’ नोंदवला, की जंगल सांभाळायचं, त्यातलं उत्पन्न घ्यायचं आणि विकायचं, हा अधिकार समूहाला मिळू लागला. आज असे २२ हजारांहून अधिक समूह आहेत आणि त्यांच्याकडे २० लाख हेक्टरांहून जास्त जंगल आहे.

समूह करतो काय? ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण जंगल या कंटाळवाण्या कामावरच उभं असतं. आधी एक विधान, म्हणजे समूहाची घटना: सभासद कोण, सभा कधी, पैसे कोण हाताळणार. मग वनखात्याच्या मदतीने कार्ययोजना. जंगलाचे तुकडे पाडायचे, कुठल्या तुकड्यात यंदा विरळणी, कुठे चराई बंद, सुकी लाकडं आणि पालापाचोळा गोळा करायला जंगल कोणत्या दिवशी उघडायचं, घराच्या दुरुस्तीला लाकूड लागलं तर अर्ज कसा करायचा. राखणीला पाळीपाळीने घरटी एक माणूस, किंवा वर्गणी काढून नेमलेला राखणदार. दंडाची यादी. वर्षाला जमाखर्च सभेपुढे. मिळालेल्या पैशांतला किमान २५ टक्के भाग पुन्हा जंगलावरच खर्च करायचा, असं नियम सांगतो. उरलेल्यातून शाळेची खोली झाली, पाण्याची वाहिनी झाली, गरीब घरांना बिनव्याजी कर्ज मिळालं.

उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेल्या अभ्यासात दिसलं, की १९९२ मध्ये नेपाळच्या सुमारे २६ टक्के भूभागावर जंगल होतं, २०१६ मध्ये ते सुमारे ४५ टक्के झालं. आता इथे एक सावधगिरी. हे सगळं श्रेय उपभोक्ता समूहांचं नाही. याच काळात लाखो नेपाळी तरुण आखातात आणि मलेशियात कामाला गेले. घरी पैसे येऊ लागले, स्वयंपाकाचा गॅस आला, जनावरं कमी झाली, डोंगरउतारावरची अवघड शेतं पडीक पडली आणि त्यांवर झाडी आपोआप उगवली. पण ही झाडी उगवू दिली कुणी? जिथे समूह होता तिथे ती टिकली, असं त्या भागात काम केलेल्या बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं.

मालकीचा हाच मुद्दा पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये याहून उघडा दिसतो. तिथे फ्रेंच अमलापासून चालत आलेल्या कायद्यानुसार शेतातलं झाडसुद्धा सरकारचं असायचं. स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी दंड होऊ शकत होता. शहाणा शेतकरी काय करणार? रोपटं गुडघाभर व्हायच्या आतच उपटणार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ माराडी भागात झाडं लावत होते आणि लावलेली बहुतेक मरत होती. मग त्यांच्या लक्षात आलं, की शेतात जी झुडपं म्हणून दिसतात ते खरं तर तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत, मुळं जमिनीखाली जिवंत आहेत. काही फुटवे राखा, बाकीचे छाटा, झाड परत उभं राहतं. रोपवाटिका नको, पाणी नको. ही युक्ती शेतकऱ्यांनी एकमेकांकडून उचलली. पण ती पसरली याचं दुसरं कारण असं, की अधिकाऱ्यांनी त्या काळात झाडांवरचा दंड सैल केला आणि राखलेलं झाड आपलंच राहील असा विश्वास शेतकऱ्यांना वाटू लागला. आज नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर अशी झाडं उभी आहेत. जवळजवळ कुणीही रोप न लावता.

हक्क मिळाला, पण खायचं काय?

नुसता हक्क पुरत नाही, हे ब्राझीलमध्ये दिसलं. ॲमेझॉनच्या आक्री राज्यात रबराचा चीक गोळा करणारी कुटुंबं पिढ्यानपिढ्या जंगलात राहत होती. १९७० च्या दशकात गुरांच्या बड्या मालकांनी ते जंगल साफ करायला घेतलं, तेव्हा ही माणसं बायकामुलांसह झाडं तोडणाऱ्यांच्या वाटेत जाऊन उभी राहू लागली. त्यांचा पुढारी शिको मेंदेस याची २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याच्या घराच्या दारात गोळी घालून हत्या झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत सरकारने ‘उपज-राखीव’ जंगलं जाहीर केली. जमीन सरकारची, वापराचा हक्क तिथल्या कुटुंबांचा, मोठी तोड बंद. त्यातलं एक सुमारे ९ लाख ७० हजार हेक्टरचं जंगल मेंदेसच्याच नावाने ओळखलं जातं.

मोठा विजय होता तो. पण रबराचा भाव? मळ्यांतलं आशियाई रबर स्वस्त पडायचं आणि ब्राझील सरकारने देशी रबराला दिलेला आधारही काढून घेतला. रानातल्या रबरावर घर चालेना. ब्राझील नट, म्हणजे जंगलातल्या एका झाडाच्या बिया, विकून काही महिने निघायचे. गाय मात्र कधीही विकता येते, चालत बाजारात जाते, आजारपणात पैसा होते. मग ज्या जंगलासाठी मेंदेस मेला त्याच जंगलात, त्याच्याच लोकांतल्या काहींनी झाडं तोडून गुरं पाळायला सुरुवात केली. बोर्निओतलं झाड आणि आक्रीतली गाय, दोन्ही अडीअडचणीची ठेव. फरक एवढाच, की गाईला आधी जंगल साफ करून कुरण लागतं.

ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेन नावाचा प्रदेश आहे. तिथे याच्या उलट घडलं, आणि मला या सगळ्या विषयातलं हे सर्वांत विचार करायला लावणारं उदाहरण वाटतं. १९९० मध्ये सरकारने माया संस्कृतीच्या अवशेषांभोवतीचं सुमारे २१ लाख हेक्टर जंगल राखीव केलं. काही भाग कडक बंदीचे राष्ट्रीय उद्यान. काही भागात मात्र १९९४ पासून गावांच्या संस्थांशी २५ वर्षांचे करार केले: जंगल वापरा, लाकूडसुद्धा कापा, पण स्वतंत्र तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मिळवून आणि टिकवून.

पर्यावरणवाद्यांतले काही चिडले. जंगल वाचवायचं म्हणून त्यात आरा चालवायचा? पण घडलं असं, की सक्रिय करार असलेल्या भागात जंगलतोड जवळजवळ शून्यावर राहिली. लागूनच असलेल्या लागुना देल तिग्रे या राष्ट्रीय उद्यानात, जिथे कागदोपत्री पान हलवायलाही बंदी, तिथे बेकायदा कुरणांसाठी आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या जमिनींसाठी प्रचंड जंगल जाळलं गेलं.

कारण काय? उद्यानात दहशत घेऊन आलेल्या टोळीला अडवायला मूठभर पहारेकरी. करारातल्या जंगलात, धूर दिसला की आपलं उत्पन्न जळतंय हे कळणारी शेकडो घरं. ही माणसं आगपट्टे, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ ठेवतात, गस्त घालतात, त्यासाठी दरवर्षी स्वतःच्या कमाईतून खर्च करतात. लाकूडतोड म्हणाल तर हेक्टरमागे एखाददुसरं झाड, आणि त्या तुकड्यात परत कित्येक दशकं आरा नाही. महोगनीच्या फळ्या परदेशात गिटार बनवणाऱ्यांपर्यंत जातात. शिवाय शाते नावाच्या बुटक्या पामची पानं आहेत, जी अमेरिकेत फुलांच्या सजावटीत आणि चर्चमध्ये वापरली जातात. पूर्वी पानं मोजून पैसे मिळायचे, म्हणून तोडणारा चांगलं-वाईट न बघता सगळी ओरबाडायचा आणि बरीचशी पुढे फेकली जायची. गावांच्या संस्थांनी निवडून तोडलेल्या चांगल्या पानांनाच भाव द्यायला सुरुवात केली. तोड कमी झाली, पैसे मिळाले, आणि पानं निवडण्याचं, बांधण्याचं काम बायकांच्या हाती आलं.

सगळेच करार यशस्वी झाले नाहीत. कार्मेलिता, उआशाक्तुन यांसारख्या गावांतली माणसं पिढ्यानपिढ्या चिकल, म्हणजे च्युइंगमचा चीक, आणि शाते गोळा करणारी. त्यांना जंगल वाचता येत होतं. काही वस्त्या मात्र नव्याने येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांच्या होत्या. त्यांना जंगल म्हणजे साफ न केलेलं शेत. बाहेरच्या गुरेवाल्यांनी पैसे पुढे केले तेव्हा त्यांतल्या काहींनी जमिनी परस्पर विकल्या. ते करार रद्द झाले. तेव्हा ‘समुदायाच्या हाती द्या, सगळं ठीक होईल’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर एवढंच विचारावं, कुठला समुदाय?

हक्क आणि उत्पन्न यांच्यामध्ये अजून एक फट असते, विक्रीच्या परवान्याची. भारतात १९९० पासून संयुक्त वनव्यवस्थापन आलं, म्हणजे वनखातं आणि गाव यांनी मिळून जंगल सांभाळायचं. पश्चिम बंगालच्या अराबारीत अजित कुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने १९७२ मध्ये केलेला प्रयोग त्याच्या मुळाशी होता. साल वृक्षांचं जंगल राखा, शेवटच्या तोडीतला २५ टक्के वाटा गावाचा. चांगली सुरुवात, पण निर्णय खात्याचाच. २००६ च्या वनहक्क कायद्याने निर्णयाचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगलात बांबू भरपूर. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि तो देणार वनखातं. खात्याचं तेव्हाचं म्हणणं, बांबू हे १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे झाड, म्हणजे इमारती लाकूड, आणि ते गावाचं नाही. वनस्पतिशास्त्र सांगतं बांबू गवत आहे. २००६ चा कायदाही बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, म्हणतो. या वादात हक्क मिळूनही बांबू जंगलातच अडकून राहिला. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा देणाऱ्या गावालासुद्धा बांबूच्या एका गाडीसाठी दिल्ली गावात यावी लागली!

पैसे थेट दिले तर?

एवढी खटपट कशाला, तोडू नका म्हणून रोख द्या, असंही काही जण म्हणतात. कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. युगांडाच्या पश्चिम भागात १२१ गावांत याची पद्धतशीर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी गावं निवडली आणि तिथल्या जंगलमालकांना झाडं न तोडल्यास दर हेक्टरी वर्षाला ७० हजार युगांडन शिलिंग देऊ केले. दोन वर्षांत पैसे न मिळालेल्या गावांत ९ टक्क्यांच्या आसपास झाडी गेली, मिळालेल्या गावांत ४ टक्क्यांच्या आसपास. उपयोग झालाच. प्रश्न असा, की पैसे थांबल्यावर काय?

जंगल राखायची अट न घालता दिलेल्या मदतीचं काय होतं, याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मेक्सिकोत गरीब कुटुंबांना मुलांच्या शाळा-आरोग्यासाठी मिळणारी रक्कम जिथे पोचली तिथे जंगलतोड थोडी वाढली. घरात पैसे आले, लोक दूध आणि गोमांस जास्त खाऊ लागले, त्याला कुरण लागलं. रस्ते नसलेल्या भागात परिणाम जास्त, कारण तिथे दूध जवळच्याच डोंगरावरून यायचं. इंडोनेशियातल्या तशाच योजनेत मात्र मदत मिळालेल्या गावांत जंगल सुमारे ३० टक्के कमी तुटलं. तिथले भातशेतकरी पाऊस लांबला की नुकसान भरून काढायला जंगल तोडायचे, आणि नियमित मिळणाऱ्या रकमेने त्या वेळची निकड भागवली. पैसा एकच, परिणाम उलटे, कारण झाड पडण्यामागचं कारण वेगळं होतं.

शेळ्या, कोंबड्या, मधपेट्या वाटणाऱ्या प्रकल्पांचं घोडं याच ठिकाणी पेंड खातं. लाकूड विकणाऱ्याला मधपेटी दिली, तर तो मधही विकतो आणि लाकूडही. जोडधंदा हा पर्यायी धंदा असेलच असं नाही. पेतेनमध्ये जे साधलं ते वेगळं होतं. तिथली कमाई जंगल उभं असेपर्यंतच चालू राहणारी होती.

गाव म्हटलं की आपण एकदिलाचं चित्र रंगवतो, त्याबद्दलही थोडं. नेपाळच्या कित्येक समूहांत सुरुवातीची वर्षं बैठकीत बोलणारे पुरुष, उच्च जातीचे, रस्त्यालगतच्या घरांतले. त्यांनी चराई आणि सरपणावर कडक बंदी घातली, कारण त्यांच्या घरी गॅस होता. बंदीचा भार पडला तो भूमिहीनांवर, कोळशावर भट्टी चालवणाऱ्या लोहारांवर, आणि पहाटे उठून दूरच्या जंगलात मोळीसाठी जाऊ लागलेल्या बायकांवर. कागदावर जंगल वाचलं, प्रत्यक्षात तोड शेजारच्या डोंगरावर सरकली. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या समित्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की समितीत बायकांचं प्रमाण चांगलं असेल तर जंगलाची अवस्था जास्त सुधारते. त्याचं कारण व्यवहाराचं आहे. रोज जंगलात जाणाऱ्या बाईला कुठली बंदी पाळता येण्यासारखी आहे आणि कुठली चोरीला भाग पाडेल हे ठाऊक असतं. शिवाय दुसऱ्या बाईला मोळीसकट थांबवून जाब विचारायचा, तर ते बाईच करू शकते. पुरुष राखणदाराला ते अवघड जातं. एकटी बाई बैठकीत बोलत नाही, चार-पाच जणी असल्या की बोलतात, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं.

राहिला वेळेचा प्रश्न. देणगीवर चालणारा प्रकल्प साधारण तीन ते पाच वर्षांचा. पहिलं वर्ष ओळखी करून घेण्यात जातं आणि शेवटचं अहवाल लिहिण्यात. पेतेनमधले करार २५ वर्षांचे होते, तरी मुदत संपत आली तशी गावांची झोप उडाली, कारण माया अवशेषांवर पर्यटन उभारू पाहणाऱ्यांची नजर त्याच जंगलावर होती. कार्मेलिताचा १९९७ चा करार नवा करायला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, पुन्हा २५ वर्षांसाठी. महोगनीचं रोप आरा लावण्याजोगं व्हायला त्याहून बरीच जास्त वर्षं लागतात. नव्या करारानंतर तिथे रुजलेलं झाड कापायला येईल तेव्हा गावाला आणखी एकदा, कदाचित दोनदा, सरकारी कचेरीत जाऊन मुदत वाढवून मागावी लागलेली असेल.